लायब्ररी सापडेना! तुमच्या पहिल्या प्रोग्रामच्या वेळचे किस्से येऊ द्या

पाटीपेन्सिल
काल रात्री साडेदहाला भाचीचा फोन. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. "मामा, प्रोग्राममध्ये एक चूक नाही, तरी म्हणतोय अनडिफाइन्ड रेफरन्स टू इनिटग्राफ." (इनिटग्राफ म्हणजे स्क्रीनवर चित्र काढायची तयारी करणारं फंक्शन; नाव घेतलंय पण ते सापडत नाही, अशी ती तक्रार.) मी भांडी घासत होतो. हात साबणाचे, फोन खांद्यात धरलेला, आणि डोळ्यासमोर थेट १९९८ची लॅब.

चपला बाहेर काढायच्या, एका मशीनवर तिघं, टर्बो सीची, म्हणजे सी भाषेत प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरची, निळी खिडकी. वर्तुळं आणि रेघा जोडून झोपडी काढायची, वर झेंडा. कंट्रोल एफ-नाइन दाबलं की 'लिंकर एरर: अनडिफाइन्ड सिम्बॉल _सर्कल'. मला वाटलं स्पेलिंग चुकलं. अख्खा प्रोग्राम तीनदा नव्याने टाइप केला. सरांना विचारायची हिंमत नव्हती, कारण सरांचं ठरलेलं उत्तर: "थिअरीच्या तासाला कुठे होतात?" शेवटी लॅबमधले शिपाईमामा, ज्यांनी आमच्यासारख्या किती बॅचा रडताना पाहिल्या असतील देव जाणे, मागून येऊन म्हणाले, "ऑप्शन्समध्ये जा, लिंकर, लायब्ररीज. ग्राफिक्ससमोर फुली मार." मारली. झालं.

म्हणजे ग्राफिक्स.एच हे हेडर, फंक्शनांच्या नावांची यादी, वर लिहिलं होतं म्हणून कंपायलर (आपलं लिहिलेलं मशीनच्या भाषेत नेणारा) खूश होता, पण सर्कलचं खरं काम ज्या फाइलीत आहे ती, म्हणजे लायब्ररी, जोडायला लिंकरला कोणी सांगितलंच नव्हतं. हे मला समजलं दोन वर्षांनी. त्या दिवशी फुली पाठ केली फक्त.

भाचीचं अजून सुटलेलं नाही. तोवर तुमचे अनुभव लिहा.

चहाबिस्कीट
चपला बाहेर!!! आमच्याकडे मोजेपण काढायला लावायचे. व्हायरस येतो म्हणून 😂

घाटावरची
मोजे घातलेले बरे की ओ, त्या लॅबला वास काय यायचा.

हिशेबनीस
माझा किस्सा व्हीबी सिक्सचा, म्हणजे व्हिज्युअल बेसिकचा. २००३, शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट म्हणजे काकांच्या हार्डवेअरच्या दुकानाचं बिलिंग. घरी महिनाभर लोण्यासारखं चाललेलं. परीक्षेला एक्स्टर्नल सर आले, मी रन केलं तर 'कान्ट फाइन्ड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी'. आणि निळं काय करून दाखवतो? Date नव्हे हो, मराठीतच लिहितो, 'डेट'! आजची तारीख देणारं साधं फंक्शन. मी म्हटलं या मशीनवर तारीखच नाही की काय. ते काढलं तर पुढे 'लेफ्ट'वर अडला. ते काढलं तर 'फॉरमॅट'वर. घाम फुटला.

खरं दुखणं वेगळंच. प्रोजेक्ट मेन्यूत रेफरन्सेस उघडलं की एका ओळीपुढे 'मिसिंग' लिहिलेलं असतं. मी घरी रिपोर्टसाठी कुठलंसं कंट्रोल टाकलेलं, ते कॉलेजच्या मशीनवर नव्हतं. एक रेफरन्स तुटला की व्हीबी बाकीची नावंही नीट शोधू शकत नाही आणि भलत्याच गरिबावर बोट ठेवतो. ती खूण काढली, रिपोर्टचं बटण लपवलं, बाकी सगळं धावलं. एक्स्टर्नल तोवर चहा पीत होते. विचारलं, "रिपोर्ट कुठाय?" म्हटलं, "सर, फ्यूचर स्कोप."

घाटावरची
फ्यूचर स्कोप 🤣🤣 किती जणांना तारलंय या शब्दानं

आडगावचा_शहाणा
हेडर म्हणजे लग्नपत्रिका. खाली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत सगळी नावं छापलेली. कंपायलर फक्त पत्रिका वाचतो. लिंकर मांडवात जाऊन बघतो की मामा आलाय का. मामा नसला की बोंब.

पाटीपेन्सिल
@आडगावचा_शहाणा भाचीला हेच पाठवतो. मीच मामा असल्यामुळे जास्त लागू 😀

रात्रपाळी
बसमध्ये आहे थोडक्यात लिहितो. उबुंटू (लिनक्स). स्क्वेअररूटचा प्रोग्राम. sqrt मध्ये सरळ २५ लिहिला तर चालला, x लिहिला की अनडिफाइन्ड रेफरन्स. डोकं फिरलं. २५चं उत्तर कंपायलर स्वतःच आधी काढून टाकतो म्हणून लायब्ररी लागतच नाही. x साठी कमांडमध्ये -एलएम, म्हणजे गणिताची लायब्ररी, लावावं लागतं. लावलं तरी तेच!! कारण मी ते फाइलच्या नावाच्या आधी लिहिलेलं. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो, त्या वेळी कुणी काही मागितलेलंच नसतं, म्हणून सोडून देतो. नावाच्या नंतर लिहा. स्टॉप आला

शिकवणारी_बाई
मी ज्युनियर कॉलेजला शिकवते. दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला निदान चार मुलांना 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन' येतं आणि चौघंही शपथेवर सांगतात, "मॅडम, आम्ही विनमेन लिहिलेलंच नाही." खरंय, नाहीच लिहिलेलं. त्यांनी main च्या जागी mian लिहिलेलं असतं, नाहीतर M मोठा. मेन सापडला नाही की तो खिडकीवाल्या प्रोग्रामचं दार शोधायला जातो, तेही नसतं. आता मी वर्गात शिरल्या शिरल्या फळ्यावर मेन लिहून ठेवते.

@पाटीपेन्सिल, भाची डेव्ह सी++ (प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) वापरतेय का? मग ग्राफिक्स.एच कुठूनतरी आणून टाकून भागत नाही. प्रोजेक्टच्या लिंकरच्या रकान्यात -एलबीजीआय, -एलजीडीआय३२ वगैरे ग्राफिक्सच्या लायब्ररींची नावं द्यावी लागतात.

पाटीपेन्सिल
हो ताई, डेव्हच. सांगतो.

श्टुटगार्टकर
जीटीके या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीत पहिली खिडकी उघडायची होती. कमांडमध्ये पीकेजी-कॉन्फिग (लायब्ररी कुठे आहे ते सांगणारं) उलट्या टिंबात, म्हणजे त्या तिरक्या अवतरणात टाकायचं असतं. मी साधं एकेरी अवतरण टाकत होते. तो म्हणे अशी फाइलच नाही. दोन संध्याकाळी गेल्या. त्यात जर्मन कीबोर्डवर ते तिरकं चिन्ह शिफ्ट धरून दाबलं तरी उमटत नाही, पुढे स्पेस दाबली की मग येतं. मला वाटायचं बटणच मोडलंय.

बाय द वे इथे तांदळाची पिठी चांगली मिळत नाही, उकडीचे मोदक फुटतात. कुणाला उपाय माहीत?

घाटावरची
उकड काढताना पाण्यात चमचाभर तूप घाल आणि गरम असतानाच मळ. पिठी जाड असेल तर चाळून घे.

चहाबिस्कीट
धागा भरकटला, छान वाटलं.

निळी_शाई
क्यूटी, खिडक्या बनवायची आणखी एक लायब्ररी. दिवाळीची सुट्टी. 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू व्हीटेबल'. क्लासमध्ये क्यू_ऑब्जेक्ट ही क्यूटीची खूण नंतर टाकली आणि क्यूमेक (प्रोग्राम कसा बांधायचा ते ठरवणारं) पुन्हा चालवला नव्हता. तीन दिवस. फराळाला हात लावला नाही. चकल्या सगळ्या धाकट्या भावानं खाल्ल्या, ते दुःख जास्त.

हिशेबनीस
आमच्या वर्गातल्या एकानं सबमिशनला फ्लॉपी दिली. सरांनी उघडली तर आत फक्त डेस्कटॉपवरचा शॉर्टकट. १ केबी. त्याला कसली लायब्ररी सापडणार.

चहाबिस्कीट
तो आज कुठल्यातरी कंपनीत मॅनेजर असणार, पैज.

हिशेबनीस
पैज जिंकलात 🙏

पाटीपेन्सिल
अपडेट. ताईंनी सांगितलेलं घातलं तर नवीन ओरड: 'स्किपिंग इनकम्पॅटिबल', आणि -एलबीजीआय सापडत नाही. फाइल डोळ्यासमोर फोल्डरमध्ये आहे. भाची रडकुंडीला.

शिकवणारी_बाई
वरच्या यादीत ६४ बिट निवडलं असेल. ती लायब्ररी ३२ बिटची असते. ३२ बिट रिलीज निवडून पुन्हा सगळं कंपाइल करायला सांगा, नुसतं रन नको.

रात्रपाळी
घरी पोचलो. आणि इनिटग्राफमध्ये फोल्डरचा पत्ता लिहिला असेल तर उलटी तिरकी रेघ दोनदा हवी. आम्ही टर्बोत c:\tc लिहायचो, त्यातलं \t म्हणजे टॅब होऊन बसायचं. मग ड्रायव्हर फाइल नॉट फाउंड. डेव्हमध्ये पत्ता रिकामा ठेवला तरी चालतं बहुतेक वेळा.

पाटीपेन्सिल
झालं!! ३२ बिटच होतं. फोटो पाठवलाय तिनं. झोपडी आलीय, पण छप्पर खाली, भिंती वर, आणि झेंडा जमिनीत घुसलाय.

आडगावचा_शहाणा
स्क्रीनवर वाय वरून खाली वाढतो म्हणावं, गणिताच्या वहीसारखा नाही.

श्टुटगार्टकर
तूप घातलं. चार मोदक टिकले, सात फुटले. आधी अकरापैकी अकरा फुटायचे.