किमान वेतन, पीटी (व्यवसाय कर), टीडीएस (पगारातून कापायचा आयकर) यांचे बदल पेरोल टीमपर्यंत वेळेवर कसे पोचवता?

वेतनकक्ष_चाकण
नमस्कार मंडळी. चाकण, नाशिक आणि बेळगाव मिळून साधारण ६४० माणसांचा पगार आमच्या चौघांच्या टीमकडे आहे. निम्म्याहून जास्त कंत्राटी कामगार, किमान वेतनावरचे. बदलाची बातमी कळते, पण पुढे घोळ होतो. परिपत्रक एकाच्या मेलमध्ये, मास्टर (सॉफ्टवेअरमधला दरांचा तक्ता) दुसऱ्याच्या हातात, आणि जानेवारीपासूनचा विशेष भत्ता (किमान वेतनातला महागाईनुसार बदलणारा भाग) मार्चच्या पगारात निघतो. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता लागू झाल्या, १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा. कोणी काय बघायचं, कधी, आणि कशावरून तपासायचं, याची प्रत्यक्ष चालणारी पद्धत हवी आहे. सॉफ्टवेअर बदलणं सध्या शक्य नाही.

हजेरीबुक
आधी एक नोंदवही करा. एक्सेल चालेल, पण एकच आणि चौघांनाही दिसणारी. एका बदलाला एक ओळ: अधिसूचनेची तारीख, लागू दिनांक, कोणत्या साइटला लागू, कोणतं मास्टर बदललं, कोणी बदललं, कोणी तपासलं, फरक कुठल्या महिन्यापासून द्यायचा. पहिले दोन रकाने वेगळेच हवेत. महाराष्ट्रात विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैपासून बदलतो, पण कामगार आयुक्तांचं परिपत्रक बहुतेक वेळा त्यानंतर हातात पडतं. नवख्या माणसाने परिपत्रकाचीच तारीख लागू दिनांक म्हणून टाकली की कामगाराचा महिना-दीड महिन्याचा फरक बुडाला.

व्हॉट्सअॅपवर फिरणारे तक्ते वहीत घेऊ नका. त्यांत सगळे उद्योग एकाच रांगेत दाबलेले असतात. राज्याच्या कामगार विभागाच्या महाकामगार साइटवरून मूळ पीडीएफ उतरवा आणि आपला अनुसूचित उद्योग कोणता तेवढंच पान वाचा. अभियांत्रिकीचा दर वेगळा, दुकाने व व्यापारी संस्थांचा वेगळा. परिमंडळाची (ज्या भागानुसार दर ठरतो त्याची) व्याख्यासुद्धा त्या-त्या उद्योगाच्या अधिसूचनेत पाहायची. ग्रामपंचायतीचं गाव नगरपरिषदेत गेलं तर साइटचं परिमंडळ बदलू शकतं, आणि ते कोणी कळवायला येत नाही.

विषय वाटून द्या. एकाकडे किमान वेतन आणि कामगार कल्याण निधी, दुसऱ्याकडे पीएफ-ईएसआय (भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा), तिसऱ्याकडे टीडीएस आणि पीटी. चौथा फक्त तपासणार. ज्याने मास्टर बदललं त्याने ते तपासायचं नाही, हा नियम माणूस रजेवर असला तरी मोडू नका. दर महिन्याच्या २० तारखेला अर्धा तास बसून प्रत्येकाने आपापली साइट उघडून दाखवायची. काही बदल नसेल तर 'बदल नाही' अशी तारखेसकट नोंद. रिकामी ओळ राहिली की नंतर पाहिलं होतं की राहून गेलं होतं, हे कळत नाही.

आकडेमोड_नाशिक
वर बरोबर सांगितलंय. मी फरकाच्या हिशोबाबद्दल लिहितो, कारण चुका तिथेच होतात. समजा विशेष भत्ता महिन्याला ३०० रुपयांनी वाढला. कामगाराचे जानेवारीत २४ दिवस भरले, ओव्हरटाइम १२ तास.

दिवसांचा फरक (महिन्याचे २६ कामाचे दिवस धरून): ३०० ÷ २६ × २४ = २७६.९२
ओव्हरटाइम (८ तासांचा दिवस, दुप्पट दर): ३०० ÷ २६ ÷ ८ × २ × १२ = ३४.६२
घरभाडे भत्ता ५ टक्के (५० किंवा जास्त कामगार असतील तर): १३.८५
एकूण ३२५.३९ रुपये.

बरेच जण पहिली ओळ काढून थांबतात. ओव्हरटाइम जुन्या दराने दिलेला असतो हे लक्षातच येत नाही. पीएफ फक्त २७६.९२ वर. ईएसआय श्रम संहितांआधी तिन्ही रकमांवर होता, आता संहितेतली वेतनाची व्याख्या लावून बघा. ईएसआयमध्ये महिना २१,००० पगाराची मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरायचा नाही, वर्गणी कापताना जुन्या कायद्यात मात्र धरायचे. आणि मधेच कोणी २१,००० च्या वर गेला तर लगेच काढून टाकू नका. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, जो काळ चालू आहे तो संपेपर्यंत वर्गणी चालूच राहते.

सोडून गेलेली माणसं विसरू नका. नव्या वेतन संहितेत (श्रम संहितांपैकी एक) राजीनामा किंवा काढून टाकल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशोब पुरा करायचा आहे. म्हणजे परिपत्रक येण्याआधीच जानेवारीत गेलेल्यांचं फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) जुन्या दराने झालेलं असतं. लागू दिनांकानंतर सोडून गेलेल्यांची यादी त्याच दिवशी काढा आणि बँक खाती बंद होण्याआधी फरक पाठवा. मूळ मालकाला (ज्याच्याकडे कंत्राटी कामगार काम करतात त्याला) बिलही लगेच लावा, फरकाचा तक्ता जोडून. तीन महिन्यांनी लावलेलं बिल अडकतं.

कर_आणि_कपात
टीडीएससाठी टीमला भाषणापेक्षा तीन बनावट कर्मचारी द्या. २०२५-२६, नवी करप्रणाली, वार्षिक पगार असा:

१२,७५,००० ला कर शून्य.
१२,८५,००० ला १०,४००.
१३,५०,००० ला ७४,१००.

प्रमाणित वजावट ७५,००० आणि ४ टक्के सेस धरून हे आकडे यायलाच हवेत. दुसऱ्याला ६३,९६० आले तर सॉफ्टवेअरने सीमांत सवलत (करपात्र रक्कम १२ लाखांच्या जितकी वर, सेसआधीचा कर तेवढ्यापुरताच) दिलेली नाही. अर्थसंकल्पानंतर आणि प्रत्येक अपडेटनंतर हे तिघे आधी चालवा, मग खऱ्या माणसांचा पगार. १ एप्रिलपासून फॉर्म आणि कलमांचे क्रमांक बदलतील, पण जानेवारी-मार्च २०२६ च्या तिमाहीचं २४क्यू (पगारावरच्या टीडीएसचं विवरणपत्र) जुन्या कायद्याखालीच मे महिन्यात भरायचं आहे. तो टेम्पलेट पुसू नका.

पीटीमध्ये महाराष्ट्रात स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत माफी आहे. कर्मचारी मास्टरमध्ये लिंगाचा रकाना रिकामा असेल आणि सॉफ्टवेअर त्याला पुरुष समजत असेल तर १८,००० पगाराच्या बाईचे महिन्याला २०० रुपये उगाच जातात. हे दर महिन्याला फिल्टर लावून बघा. फेब्रुवारीला ३०० ची कपात महिन्याला २०० कापले जातात त्यांनाच, १७५ वाल्यांना नाही. बेळगावसाठी वेगळा तक्ता करा: कर्नाटकात २५,००० पासून पुढेच पीटी, आणि २०२५ पासून तिथेही फेब्रुवारीला ३००.

संहितेतली वेतनाची व्याख्या आकड्यानेच समजावा. एकूण ४०,०००, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) १४,०००, वगळलेले भत्ते २६,०००. भत्त्यांना एकूण रकमेच्या निम्म्यापर्यंत म्हणजे २०,००० ची मुभा, वरचे ६,००० वेतनात मिळवले जातात, वेतन २०,०००. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापत असाल तर १४,००० ऐवजी १५,००० वर येईल. ग्रॅच्युइटीवर मात्र मोठा परिणाम, तिची तरतूद आत्ताच काढून लेखा विभागाला द्या.

हजेरीबुक
एक भर घालतो. मास्टरमध्ये जुन्या दरावरच नवा दर टाइप करू नका. 'कधीपासून' अशी तारीख घालून नवी ओळ जोडा. ती सोय नसेल तर बदलण्याआधी जुन्या मास्टरची पीडीएफ काढून ठेवा. नाहीतर डिसेंबरचा पगार पुन्हा चालवला की तो नव्या दराने निघतो आणि वेज रजिस्टर चलनाशी जुळत नाही.

वेतनकक्ष_चाकण
खूप आभार. तिन्ही आकडे चालवले, दुसऱ्याला ६३,९६० च आले. सॉफ्टवेअरवाल्यांना कळवलं आहे. शेवटचा प्रश्न: कल्याण निधी आता कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ झालाय, पण २० जूनला सोडून गेलेल्याचेही २५ कापायचे का?

आकडेमोड_नाशिक
नाही. ३० जून आणि ३१ डिसेंबर या दिवशी ज्यांची नावं हजेरीपटावर असतील त्यांचेच. २० जूनच्या फुल अँड फायनलमध्ये कापले असतील तर परत द्या. जूनचा भरणा १५ जुलैपर्यंत, डिसेंबरचा १५ जानेवारीपर्यंत. जुन्या शीटमध्ये १२ आणि ३६ चा फॉर्म्युला दडलेला असतो, तोही शोधून बदला.