यंत्रमानव की मानवयंत्र? आणि सर्वनामाचं काय?

विचारणा (मांजलपूर, वडोदरा; उत्तर देणारेही आपापल्या वस्तीच्या नावाने) : 'ह्यूमन्स' (चॅनल 4, 2015) मालिकेच्या पहिल्या भागाचं विश्लेषण माध्यम-अभ्यासासाठी मराठीत लिहिते आहे. त्यातल्या 'सिंथ'ला, म्हणजे हुबेहूब माणसासारख्या दिसणाऱ्या घरकामाच्या यंत्राला, यंत्रमानव म्हणावं का? आणि 'अनकॅनी व्हॅली'ला, म्हणजे जवळजवळ माणसासारखं यंत्र पाहून वाटणाऱ्या अस्वस्थतेला, काय?

दांडिया बाजार : ताई, 'सिंथ' तसाच ठेवा. मूळ स्वीडिश मालिकेत (2012) शब्द होता 'हुबोट', म्हणजे ह्यूमन अधिक रोबोट. इंग्रजीत आल्यावर त्यातला माणूस गळला, नुसता 'सिंथेटिक'चा तुकडा उरला. हा फरक तुमच्या विश्लेषणात यायलाच हवा.

आता समास बघा. यंत्रमानव हा मानवाचा एक प्रकार, मानवयंत्र हा यंत्राचा. शेवटचं पद वरचढ. मालिकेतलं भांडण नेमकं यावरच आहे, म्हणून तुमच्या निवेदनात यातला एकही शब्द सहज वापरू नका. वापरलात की तुम्ही बाजू घेतलीत. मुद्दा श्रमाचा असेल तर 'रोबोट' लिहा : चेक नाटककार चापेकच्या 1920च्या नाटकातून आलेला हा शब्द चेक 'रोबोटा'वरून, म्हणजे आपली वेठ. 'वेठबिगार' इतका नेमका जुळणारा मराठी शब्द हाताशी असताना तो सोडू नये.

अलकापुरी : सर्वनामाकडे जास्त लक्ष द्या, खरी मेख तिथे आहे. इंग्रजीत 'शी' की 'इट' एवढंच ठरवायचं असतं. मराठीत क्रियापदही बोलतं. अनिता ही मालिकेतल्या कुटुंबाची सिंथ. 'अनिता आली' आणि 'ते सुरू झालं' यांत घरातल्या प्रत्येकाची भूमिका उघडी पडते. एकच प्रसंग निवडा, संवाद उतरवून काढा, चार रकाने आखा : कोण बोलतं, कोणाशी, सिंथसाठी कोणता शब्द, त्या क्षणी कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर. सर्वनाम बदललं तिथे खूण करा.

घोटाळा ओडीपाशी, म्हणजे म्हाताऱ्या जॉर्जच्या जुन्या सिंथपाशी, होतो. 'तो' आणि 'ते' दोन्हींचं 'त्याला'च होतं. 'जॉर्ज त्याला जपतो' यात माणूस की वस्तू, कळत नाही. तिथे वाक्य फिरवून कर्ता ओडीला करा : 'ओडी अडखळला' किंवा 'ओडी अडखळलं'. 'ते आले' मात्र टाळा, आदरार्थी वाटेल.

मांजलपूर : कच्चा खर्डा गुजरातीत आहे. तिथे नपुंसकलिंग आहेच, मग तसंच उतरवलं तर?

अलकापुरी : नाही चालणार. गुजरातीत 'एने' तिन्ही लिंगांना एकच. फरक 'आव्यो, आवी, आव्युं' इथेच दिसतो, आणि भविष्यकाळात तोही जातो. प्रत्येक 'एने'पाशी थांबून 'तिला' की 'त्याला' ते प्रसंग पाहूनच ठरवा.

दांडिया बाजार : 'अनकॅनी व्हॅली' राहिलीच. मासाहिरो मोरी यांची 1970ची कल्पना. यंत्राचं माणसाशी साम्य वाढतं तशी आपुलकी वाढते, पण साम्य जवळजवळ पूर्ण होताना आलेख एकदम खाली जातो, ती दरी. म्हणून 'दरी' हवीच. 'भुताटकीची' नको, त्यात भीतीच फार. 'अस्वस्थतेची दरी' लिहा आणि पुरावा पडद्यावरचा द्या : हिरवे डोळे, एकही हालचाल वाया न घालवणं.