मदत हवी आहे: दाजींची विंडोज ७ ची डिस्क आणि की (प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याचा कोड) आमच्या पीसीला चालेल का?

यार्डातली

मंडळी, सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. गल्ल्याजवळचा पीसी विंडोज ७ चा, कंपनीकडूनच विंडोज टाकून आलेला. आता चालू केला की लोगोपर्यंत येतो आणि पुन्हा रीस्टार्ट होतो. सेफ मोडलाही तेच. दुरुस्तीवाला म्हणाला, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतो, "कीचं माझ्यावर सोडा." कसं सोडायचं विचारलं तर नुसता हसला. मशीन परत घेऊन आले.

नवीन पीसी घ्या असं कृपया कुणी सांगू नका, ते आमच्या चुलत्यांना सांगून बघा. अडचण पट्टीच्या (शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदाच्या) प्रोग्रामची आहे. डॉसमधला (विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचा), फॉक्सप्रोत लिहिलेला. शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, दर टाकला की हमाली-तोलाई वजा होऊन डॉट मॅट्रिक्सवर कार्बनसकट पट्टी बाहेर. ज्यांनी लिहून दिला ते आता हयात नाहीत. गेल्या कित्येक वर्षांचे सौदे त्यातच आहेत.

पीसीबरोबर आलेल्या डिस्क २०१९ च्या पुरात गेल्या. मध्ये हार्डडिस्क बदलल्यामुळे एफ११ दाबून येणारं रिकव्हरी पार्टिशनही नाही. मिरजेच्या दाजींकडे विंडोज ७ प्रोफेशनलचा विकत घेतलेला डबा आहे. ते म्हणतात, डिस्क ने, की पण टाक, घरचंच आहे. डिस्कवर ६४-बिट लिहिलंय. आमच्या कॅबिनेटवर 'विन ७ होम बेसिक ओए' असं स्टिकर आहे, त्यावरची की जरा पुसट झालीय. आता दाजींच्या डिस्कने विंडोज टाकून आमची की चालते का? की दोन्ही त्यांचंच टाकू? सौदे सुरू व्हायच्या आत मशीन उभं करायचंय.

खटारा_पीसी

ताई, डिस्क आणि की बाजूला ठेवा, आधी डेटा. हार्डडिस्क काढून यूएसबी केसमध्ये घाला, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि प्रोग्रामचा अख्खा फोल्डर उचला. नुसत्या डीबीएफ फाइली नाही, सीडीएक्स आणि एफपीटीसुद्धा. माझं ऐकाल तर जुन्या डिस्कवर फॉरमॅट मारूच नका. लहानशी एसएसडी घ्या, विंडोज तिच्यावर टाका. जुनी डिस्क कपाटात राहू दे.

आणि ती ६४-बिट डिस्क घालू नका! तुमचा डॉसचा प्रोग्राम १६-बिट, आणि ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिटचा आधार मायक्रोसॉफ्टने ठेवलेलाच नाही. विंडोज मस्त चालेल, पट्टी उघडणार नाही.

वाघ्याघेवडा

खटारारावांशी सहमत. कोरेगावात आमच्याकडेही एक असंच जुनं दुकान सांभाळतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

डिस्क उसनी चालते. डिस्क म्हणजे नुसत्या फाइली, ती कुणाची आहे याच्याशी लायसन्सचा संबंध नाही. (काही कंपन्यांच्या रिकव्हरी डिस्क बायोसमध्ये स्वतःचं नाव शोधतात आणि दुसऱ्याच्या मशीनवर अडून बसतात, पण दाजींचा डबा साधा रिटेल, म्हणजे दुकानात सुटा मिळणारा, दिसतोय.) की उसनी चालत नाही. रिटेल की एका वेळी एकाच मशीनवर. दाजींनी त्यांच्या मशीनवरून ते विंडोज काढलं असेल तर तुमच्याकडे आणता येईल, नाहीतर नाही. तुमच्या स्टिकरची की ओईएम (पीसी बनवणाऱ्या कंपनीमार्फत आलेली) आहे, ती त्या मशीनबरोबर विकली गेली आणि त्याच मशीनवर वापरायची. म्हणजे हक्काची की तुमच्याकडे आहेच, दाजींपुढे हात पसरायची गरज काय?

आता ६४-बिटचं. दाजींना म्हणावं डबा पुन्हा उघडा. विंडोज ७ च्या रिटेल डब्यात दोन डिस्क यायच्या, एक ३२-बिट आणि एक ६४-बिट. ३२ वाली आतच असणार. की दोन्हीला तीच चालते.

राहिलं प्रोफेशनल विरुद्ध होम बेसिक. प्रोफेशनलचं सेटअप होम बेसिकची की घेत नाही. पण त्या डिस्कवर सगळ्या आवृत्त्या असतात, सोर्सेस फोल्डरमधली ईआय.सीएफजी नावाची छोटी फाइल फक्त प्रोफेशनल दाखवते. डिस्क कॉम्प्युटरवर कॉपी करा, ती फाइल उडवा, बूट होणारा पेनड्राइव्ह बनवा. मग सेटअप यादी दाखवून विचारतं कुठलं टाकू. होम बेसिक निवडा.

की विचारल्यावर रकाना रिकामा सोडून पुढे जा. ३० दिवस तसं चालतं. आधी पट्टी छापून बघा, मग की टाका.

बिनधास्त_बंड्या

एवढा कुटाणा कशाला? नेटवर दोन-तीनशे रुपयांत की मिळते. नाहीतर ॲक्टिव्हेटर (कीशिवाय विंडोज चालू करून देणारा प्रोग्राम) मारा, एका क्लिकचं काम.

खटारा_पीसी

बंड्या, ज्या मशीनवर शेतकऱ्यांचे हिशेब आहेत तिथे कुठल्या तरी साइटवरचा ॲक्टिव्हेटर ॲडमिन म्हणून चालवायचा? आणि त्या स्वस्त की बऱ्याचदा कुठल्या तरी संस्थेच्या व्हॉल्यूम (एकगठ्ठा घेतलेल्या) लायसन्सच्या असतात. ब्लॉक झाली की सौद्याच्या दिवशी पडदा काळा.

यार्डातली

दाजींनी डबा उघडला, ३२-बिट डिस्क खरंच निघाली, पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं! त्यांचा लॅपटॉप भाचा अजून वापरतो, तेव्हा की त्यांचीच त्यांना. पण आमच्या स्टिकरवरची चार-पाच अक्षरं नीट लागत नाहीत. एक ५ आहे की एस तेच कळत नाही.

वाघ्याघेवडा

दोन्ही नाही! विंडोज ७ च्या कीमध्ये ०, १ आणि ५ हे आकडे नसतात. अक्षरांत ए, ई, आय, एल, एन, ओ, एस, यू, झेड नसतात. तेव्हा तुमचा ५ बहुतेक ६ असेल. गोल दिसणारं शून्य म्हणजे डी किंवा क्यू. खरा घोळ बी आणि ८ चा, जी आणि ६ चा, कारण ते सगळे असतात. तिथे दोन्ही टाकून बघायचं. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरून फोटो काढा आणि मोठा करून बघा. स्टिकर ओल्या फडक्याने पुसू नका, उरलंसुरलं जाईल.

मिरज_जंक्शन

जुन्या डिस्कवरचं विंडोज चालू असतं तरी सॉफ्टवेअरने की काढून उपयोग नव्हता. कंपनीने टाकलेल्या विंडोजमध्ये त्या ब्रँडची सामाईक की असते, स्टिकरवरची वेगळी. लोक तीच लिहून घेतात आणि मग का चालत नाही म्हणून डोकं धरतात.

अजून एक, लॅनचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. ॲक्टिव्हेशन झालं की इंटरनेटची केबल काढा. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, क्रोमही १०९ च्या पुढे जात नाही. जीएसटी, बँक वगैरे दुसऱ्या मशीनवर.

यार्डातली

की लागली! एका ठिकाणी बी नव्हता, ८ होता. होम बेसिक, ३२-बिट, नवीन एसएसडीवर. प्रोग्राम उघडतो, जुने सौदे दिसतात, चुलते खूश. पण पट्टी छापायला गेलं की 'टू मेनी फाइल्स ओपन' म्हणून बाहेर पडतो. आधीच्या विंडोजवर असं कधी झालं नव्हतं. डेटा कॉपी करताना काही राहिलं का?

खटारा_पीसी

डेटा ठीक आहे. तुमच्या प्रोग्रामवाल्यांनी जुन्या विंडोजमध्ये एक सेटिंग केलेलं असणार, ते नव्यात गेलं. विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये कॉन्फिग.एनटी नावाची फाइल आहे. नोटपॅडवर राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करा, त्यातून ती उघडा. खाली फाइल्स=४० असेल तिथे १०० करा, सेव्ह करा, पट्टीचा प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. नोटपॅड शेवटी स्वतःचं .टीएक्सटी जोडणार नाही तेवढं बघा.

यार्डातली

छापली. कार्बनसकट. दाजींचा डबा रविवारी परत करते.