कोल्हापूरहून इंदूरला कायमचे स्थलांतर : घर कोणत्या भागात घ्यावे आणि सासूबाईंना केव्हा न्यावे?

पंचगंगाकाठ

नमस्कार. कंपनीने माझी बदली पिथमपूरच्या कारखान्यात केली असून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मला तिथे रुजू व्हायचे आहे. कोल्हापूरचा विभागच बंद होत असल्यामुळे ही बदली दोन-तीन वर्षांची नाही. परत येण्याची सोय उरलेली नाही असे धरूनच मी सगळी तयारी करीत आहे. घरात आम्ही तिघे : मी (वय ४४), आठवीत शिकणारा मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. यजमानांना जाऊन तीन वर्षे झाली.

कार्यालयातील सहकारी विजयनगर भागात फ्लॅट घेण्यास सुचवतात, कारण तिथे दुकाने, दवाखाने, शाळा सगळे हाताशी आहे. माझी अडचण निराळी आहे. सासूबाईंचे आयुष्य एकाच पेठेत गेले. सकाळी भाजी आणायची, दुपारी शेजारी टेकायचे, मंगळवारी-शुक्रवारी अंबाबाईला जायचे, असा त्यांचा दिवस ठरलेला आहे. हिंदी त्यांना मालिकांपुरते समजते, बोलता मात्र येत नाही. त्यांनी 'मी येणार नाही' असे एकदाही म्हटलेले नाही. पण गेल्या आठवड्यात न विचारताच त्यांनी तांब्याचा बंब शेजारच्या घरी देऊन टाकला आणि 'तिकडे कोण पेटवणार आहे' एवढेच म्हणाल्या. तेव्हापासून मला नीट झोप लागत नाही.

घर कोणत्या भागात घ्यावे, मुलाला कोणत्या मंडळाच्या शाळेत घालावे आणि सासूबाईंना आताच न्यावे की सहा महिने इचलकरंजीला नणंदेकडे ठेवून नंतर न्यावे, याबद्दल इंदूरच्या मंडळींनी मोकळेपणाने सांगावे.

जुनाइंदूरकर

ताई, आमच्या घराण्याची ही इंदुरातली पाचवी पिढी. बँकेतून निवृत्त झालो आहे आणि सध्या वेळच वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम दिशा समजून घ्या. पिथमपूर हे धार जिल्ह्यात, इंदूरच्या नैर्ऋत्येला आहे, आणि विजयनगर शहराच्या बरोबर उलट्या, ईशान्येच्या टोकाला. तिथे घर घेतले तर रोज दोन वेळा अख्खे शहर ओलांडावे लागेल. त्याऐवजी राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर किंवा अन्नपूर्णा मंदिराच्या आसपासचा भाग पाहा. राऊवरून पिथमपूरकडे जाणारी वाट इथून जवळ पडते. शिवाय या वस्त्यांत मराठी घरे इतकी आहेत की दारावरच्या पाट्या वाचत चालले तर आपण सांगलीत आहोत की इंदुरात, असा क्षणभर संभ्रम पडावा. रामबाग आणि नारायणबाग या जुन्या मराठी वस्त्या आहेत, पण तिथे वाहन उभे करायला जागा मिळणे कठीण.

आमची मराठी ऐकून मात्र सासूबाई दचकतील. 'लाइट चालली गेली', 'तू काय करून राहिला आहेस' असे आम्ही सर्रास बोलतो, कारण होळकरांच्या काळापासून इथे स्थिरावलेली मराठी दोन-अडीचशे वर्षे हिंदी आणि माळवीच्या शेजारात वाढली आहे. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी आमची वाटणी असते. भाजीवाला मराठी बोलेल अशी अपेक्षा ठेवू नका. भाजी निवडत असलेली शेजारची बाई बोलेल.

आता कागदपत्रे. मध्य प्रदेशात 'समग्र आयडी' नावाची एक गोष्ट आहे, जी महाराष्ट्रातून येणाऱ्याला ठाऊकच नसते. कुटुंबाचा ८ अंकी आणि प्रत्येक सदस्याचा ९ अंकी क्रमांक असतो, आणि शाळेच्या प्रवेशापासून सरकारी योजनेपर्यंत जिथे जाल तिथे तो मागतात. तेव्हा भाडेकरार होताच आधारवरचा पत्ता बदलून घ्या आणि लगेच समग्रचा अर्ज करा. दुचाकी आणणार असाल तर कोल्हापूरच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र कोल्हापूर सोडण्यापूर्वीच घ्या. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवायची असेल तर तिची नोंदणी नव्याने करावी लागते, आणि त्या एका कागदासाठी परत कोल्हापूर गाठणे म्हणजे चार दिवस गेले. गॅसची जोडणी सोडताना ट्रान्सफर व्हाउचर घ्यायला विसरू नका. सासूबाईंना पेन्शन असेल तर ते खाते हलवू नका. हयातीचा दाखला आता मोबाइलवरूनही देता येतो.

पाण्याची चौकशी घरमालकाकडे न करता शेजाऱ्याकडे करा. इंदूरला नर्मदेचे पाणी येते, तेही सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून घाट चढवून. १९७८ साली ते शहरात आले तेव्हा केवढा उत्सव झाला होता! पण अनेक वस्त्यांत ते एक दिवसाआड आणि ठरावीक वेळीच येते. 'चोवीस तास पाणी' असे कोणी म्हटले तर ते बहुधा बोअरचे असते, आणि त्यात डाळ शिजत नाही.

कचऱ्याबाबतही आधीच सांगून ठेवतो. सकाळी गाणे वाजवत गाडी दारात येते आणि ओला, सुका, घातक, सॅनिटरी असा कचरा वेगवेगळा द्यावा लागतो. २०१७ पासून वर्षानुवर्षे हे शहर देशात स्वच्छतेत पहिले आले, ते काही आपोआप नाही. मिसळलेली बादली नेली तर गाडीवरचा मुलगा सगळ्या गल्लीदेखत परत देतो.

मिरजेची लेक

जुनाइंदूरकर काकांनी दिशा सांगितली, ती मला २०१८ मध्ये कोणी सांगितली असती तर बरे झाले असते. आम्ही मिरजेहून आलो तेव्हा सासरे ७१ वर्षांचे होते. यजमानांच्या सहकाऱ्यांचे ऐकून आम्ही विजयनगरच्याही पुढे सातव्या मजल्यावर सुंदर फ्लॅट घेतला. लिफ्ट होती, बाग होती, ज्येष्ठांसाठी बाकेसुद्धा होती. सासरे पहिले दोन महिने खाली जात होते. नंतर लिफ्टमध्ये कोणी काही विचारले की उत्तर हिंदीत जुळवता जुळवता मजला येऊन जातो, म्हणून त्यांनी जाणेच कमी केले. आम्हाला ते कळलेही नाही, कारण आम्ही दोघे सकाळी आठला बाहेर पडून रात्री परतत होतो. ते दिवसभर गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे क्रमांक पाहत असत, आणि एकदा त्यांनी जेवताना सांगितले की आज एम.एच. १० दिसली. मिरजेकडची गाडी दिसली, ही त्या दिवसाची बातमी होती.

चौदा महिन्यांनी आम्ही सुदामानगरात तळमजल्यावर आलो. घर जुने आहे, स्वयंपाकघर अंधारे आहे, भाडे मात्र जवळपास तेवढेच. पण दाराला पायरी एकच आहे आणि समोरच्या ओट्यावर तीन म्हातारे संध्याकाळी बसतात, त्यांतले दोघे मराठी. म्हणून माझे मत असे की घर निवडताना तुमच्या कारखान्याचे अंतर मोजू नका, सासूबाईंच्या पायांचे अंतर मोजा. देऊळ, चक्की, भाजीवाला आणि औषधाचे दुकान रस्ता न ओलांडता गाठता आले पाहिजे. कारखान्याची बस तुम्हाला नेईल. त्यांना नेणारी बस नाही.

एक नाजूक गोष्टही लिहिते, रागावू नका. घर पाहायला गेल्यावर 'भाईसाहब क्या करते हैं?' हा प्रश्न येईल. माझी एक मैत्रीण तुमच्यासारखीच एकटी कमावती आहे आणि दोन ठिकाणी तिला यावरूनच नकार मिळाला. नंतर तिने नोकरीचे पत्र सोबत न्यायला आणि घर पाहायला आईला पुढे घालायला सुरुवात केली, तेव्हा तिसऱ्या ठिकाणी काम झाले. हे असे करावे लागू नये, पण करावे लागते. अनामत रक्कम देताना भिंतींची छायाचित्रे काढून ठेवा. आमच्या पहिल्या मालकांनी रंगकामाच्या नावाखाली निम्मी रक्कम ठेवून घेतली आणि आमच्याकडे पुरावा नव्हता.

सासूबाईंना आताच आणा. आधी तुम्ही दोघांनी घर लावले आणि नंतर त्या आल्या, तर त्या तुमच्या घरात पाहुण्या होतील. डबे कोणत्या फळीवर लावायचे हे त्यांनी ठरवू द्या.

गणितमास्तर

मी इथे एका खासगी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवतो, मूळचा अमळनेरचा. वरच्या दोघांच्या बऱ्याच गोष्टी पटतात, पण मुलाचा विचार या धाग्यात मागे पडला आहे असे वाटते.

मध्य प्रदेशात शाळेचे सत्र १ एप्रिलला सुरू होते, मग उन्हाळ्याची सुट्टी आणि जूनमध्ये पुन्हा वर्ग. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या हिशोबाने जूनमध्ये आलात तर नववीचे पहिले धडे होऊन गेलेले असतील. म्हणून आठवीची परीक्षा संपताच दाखला काढा, आणि तो दुसऱ्या राज्यात वापरायचा असल्यामुळे त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. ती राहून गेली की इथली शाळा प्रवेश अडवून धरते. नववीतच येत आहात हे उत्तम, कारण सीबीएसईमध्ये थेट दहावीला शिरणे फार त्रासाचे असते.

भाषेचे म्हणाल तर तो मराठी माध्यमातून येत असेल तर एकाच वेळी इंग्रजी माध्यम आणि हिंदी विषय असे दोन डोंगर त्याच्यापुढे येतील. लिपी तीच असल्यामुळे पालकांना हिंदी सोपे वाटते, आणि नेमके तिथेच गुण जातात. मराठीत नपुंसकलिंग आहे, हिंदीत नाही, त्यामुळे मुले लिंगावर अडखळतात. पहिल्या सहामाहीचे गुण पाहून त्याला बोलू नका.

आणि मराठी वस्तीबद्दल माझे थोडे वेगळे मत आहे. आजींसाठी ती हवी हे मान्य. पण मुलगा दिवसभर मराठी मुलांतच राहिला तर इथल्या मुलांत तो बाहेरचाच राहील. त्याला मैदानावर पाठवा. हे क्रिकेटपटू सी. के. नायडूंच्या होळकर संघाचे शहर आहे, इथे चेंडू टाकता येणाऱ्याला भाषा कोणी विचारत नाही. आठ दिवसांत तो तुम्हालाच 'भिया' (म्हणजे भाऊ) म्हणू लागला तर दचकू नका, इथे सगळ्यांनाच भिया म्हणतात.

जुनाइंदूरकर

मास्तरांचे म्हणणे योग्य आहे. मी फक्त म्हाताऱ्या माणसांच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो. एक, थंडी. माळव्याच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो आणि कोल्हापूरच्या गोधडीने भागत नाही. जाड रजई इथेच भरून घ्या. दोन, करमणूक. 'सानंद' ही संस्था पुण्या-मुंबईची मराठी नाटके आणून सभासदांसाठी प्रयोग लावते, आणि त्या दिवशी सभागृहाबाहेर अर्धे मराठी इंदूर भेटते. गणपतीत आणि महालक्ष्म्यांच्या दिवसांत हळदीकुंकवाची बोलावणी एवढी येतील की कंटाळा येईल.

सासूबाईंना हेही सांगा की धुळवडीपेक्षा रंगपंचमीला महत्त्व देणारे कोल्हापूर एकटेच नाही. रंगपंचमीला राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते, तेव्हा रंग तिसऱ्या मजल्यापर्यंत उडतो. आणि तुमच्याकडच्या दुकानात 'एमपी सिहोर' म्हणून जो महाग गहू मिळतो, तो इथे घरचाच आहे. पोहे मात्र वाफवलेले, वर जिरावन मसाला आणि शेव, सोबत जिलेबी; त्यावर त्या काय म्हणतील ते मला कळवा.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मध्यंतरी आम्ही तिघे इंदूरला जाऊन आलो. पुण्याहून रात्रीची गाडी घेतली. सासूबाईंना सोबत नेण्याचे धाडस मिरजेच्या ताईंमुळे झाले.

दोन दिवसांत नऊ घरे पाहिली. भाईसाहेबांचा प्रश्न पाच ठिकाणी आला. तिसऱ्या वेळेला मी उत्तर देण्यापूर्वी सासूबाईच मराठीत म्हणाल्या, 'माझा मुलगा होता, आता ही आहे.' मालकीणबाईंना किती समजले ठाऊक नाही, पण त्यांनी चहा ठेवला. ते घर आम्ही घेतले नाही, कारण ते दुसऱ्या मजल्यावर होते. राजेंद्रनगरच्या बाजूला तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर पसंत पडले आहे. चक्की चार घरे सोडून आहे. ज्वारी आपण आणून दिली तर दळून देतो म्हणतात. पोह्यांबद्दल विचारले होते म्हणून सांगते : 'फोडणी कुणी चोरली?' असे त्या म्हणाल्या, पण बशी रिकामी केली.

शाळेचा दाखला आणि प्रतिस्वाक्षरी झाली आहे, समग्रसाठी भाडेकरार झाल्यावर अर्ज करीन. दुचाकी इथेच विकते आहे. सासूबाईंचा एकच आग्रह आहे की बंब परत मागावा. शेजारच्या काकूंनी तो घासून पुसून दारात आणून ठेवला आहे, आणि टेम्पोवाला त्याला वेगळे पैसे मागतो आहे. अनामत अजून दिलेली नाही. मालक पाण्याबद्दल 'कोई दिक्कत नहीं' म्हणतात.

जुनाइंदूरकर

'कोई दिक्कत नहीं' हे उत्तर नाही, ताई. वस्तीचे नाव आणि गल्ली मला व्यक्तिगत संदेशात कळवा. नळ कोणत्या दिवशी आणि किती वाजता येतो, ते मी स्वतः जाऊन शेजाऱ्यांना विचारतो. तोवर पैसे देऊ नका. बंब आणायचाच असेल तर तो धूर गल्लीत कोणाच्या खिडकीत जाईल, तेही पाहून येतो.