एगेर (हंगेरी): बुडापेश्टहून एका दिवसात उरकावं की मुक्काम करावा?

नीलपंख:
18 ते 24 ऑक्टोबर बुडापेश्टला आहोत. राजधानीबाहेरचं एखादं जुनं गाव नीट बघायचंय, आणि बरंच वाचून एगेर नक्की केलंय. आम्ही चौघं, आई-बाबा सत्तरीच्या आसपास. सपाटीवर दोघंही भरपूर चालतात, जिने मात्र बेताने. आई शाकाहारी, अंडं चालतं.

सोमवार (20) आणि मंगळवार (21) मोकळे आहेत. सोमवारी सकाळी जाऊन रात्री परत यावं असा विचार आहे. पुरेल का? रेल्वे की बस? किल्ला, मिनार, वेधशाळा, वाइनची तळघरं यांतलं काय ठेवावं, काय सोडावं?

पेश्टकर:
पहिली गोष्ट, सोमवार बदला. लायसियमचं (तुम्ही म्हणता ती वेधशाळा याच जुन्या इमारतीत आहे) ग्रंथालय आणि किल्ल्यातली संग्रहालयाची दालनं सोमवारी बंद असतात. किल्ल्याचं आवार उघडं असतं, पण त्यासाठी दोन तास जायचे आणि दोन तास यायचे हे परवडत नाही. मंगळवारी सकाळी निघा, रात्र एगेरला काढा, बुधवारी परत या. गुरुवारी 23 तारीख आहे, सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या 1956 च्या उठावाचा राष्ट्रीय दिवस. त्या दिवशी बहुतेक दुकानं बंद असतात आणि गाड्या सुट्टीच्या वेळापत्रकाने धावतात, म्हणून बेत तिकडे ढकलू नका.

रेल्वे आणि बस दोन्हींना साधारण दोन तास लागतात. रेल्वे केलेती स्थानकावरून सुटते, बस श्टादिओन बसस्थानकावरून (मेट्रोची एम-2, थांबा पुश्काश फेरेन्त्स श्टादिओन). फरक एगेरला उतरल्यावर कळतो. बसस्थानक बॅसिलिकाच्या (गावातल्या मोठ्या चर्चच्या) मागेच आहे, मुख्य चौक (डोबो चौक) तिथून पाच-सात मिनिटांवर. रेल्वे स्थानकापासून तोच चौक पंधरा-वीस मिनिटांची चाल. सामान आणि आई-बाबा सोबत असतील तर बस बरी. रेल्वेत पाय मोकळे करता येतात, स्वच्छतागृह असतं. ते महत्त्वाचं वाटत असेल तर रेल्वे घ्या, पण थेट गाडीच निवडा. एगेरचा फाटा मुख्य मार्गावरच्या फ्युझेशाबोन्य स्थानकातून फुटतो. थेट गाडी नसेल तर तिथे उतरून फलाट बदलावा लागतो, आणि आधीची गाडी उशिरा आली की जोडगाडी निघून गेलेली असते. वेळापत्रकात 'आतसालाश' या शब्दापुढे शून्य दिसलं म्हणजे गाडी थेट.

तिकिटाबद्दल एक इशारा. 65 वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत असल्याचं तुम्ही कुठेतरी वाचाल. ती सवलत हंगेरीच्या आणि युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टवर आई-बाबांचं पूर्ण तिकीट काढा, नाहीतर तपासनीस दंड लावतो.

आता दिवसाचा क्रम. इथे बहुतेक लोक चुकतात, कारण नकाशावर किल्ला मोठा दिसतो म्हणून आधी तिकडे धावतात. आधी लायसियम करा, साधारण अकरा ते एकच्या दरम्यान. बिशप कारोय एस्तेरहाझी यांनी 18 व्या शतकात विद्यापीठासाठी उभारलेली ही इमारत. 53 मीटर उंचीच्या तिच्या मनोऱ्यात 1776 पासूनचा कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे, व्हिएन्नाचे खगोलशास्त्रज्ञ मिक्शा हेल यांच्या योजनेतला. छपरावरचा आरसा आणि भिंगं बाहेरच्या शहराचं चित्र काळोख्या खोलीतल्या गोल पांढऱ्या मेजावर पाडतात. फोटो नव्हे, चालतं-बोलतं दृश्य: चौकातली माणसं, गाड्या, हलणारी झाडं. विजेचा काही संबंध नाही, सगळी करामत उजेडाची. म्हणून ऊन असेल तेव्हाच जा. ऑक्टोबरमध्ये सूर्य खाली असतो, चारनंतर चित्र मलूल होतं. धुकं असेल तर काहीच दिसत नाही. तिकीट काढण्याआधी आकाश बघा.

मनोऱ्याच्या वरच्या टप्प्यात जिनेच जिने आहेत. बाबांना नको वाटलं तर त्यांना ग्रंथालयात बसवा, तेही कमी नाही. छतावर 1778 मध्ये योहान लुकास क्राकर आणि योझेफ झाख यांनी ट्रेंटची धर्मपरिषद (कॅथलिक चर्चची 16 व्या शतकातली मोठी सभा) रंगवली आहे. छत जवळजवळ सपाट आहे, पण रंगवलेल्या खांब-कमानींमुळे उंच गॉथिक घुमटी वाटतं. मध्यभागी उभं राहून सावकाश गोल फिरा, म्हणजे डोळ्यांची फसवणूक नेमकी कुठे होते ते कळतं.

समोरच बॅसिलिका (1831 ते 1837, वास्तुकार योझेफ हिल्ड). अर्धा तास पुरे. तिथून उतरत डोबो चौकात या, जेवा आणि दोनच्या आत किल्ल्याकडे निघा. त्या दिवसांत सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास आहे.

मिनार खालूनच बघा. 40 मीटर उंच, चौदा बाजूंचा, 17 व्या शतकातला. शेजारची मशीद 1841 मध्ये पाडली, हा एकटा उरला. आत 97 पायऱ्यांचा गोल जिना आहे, इतका अरुंद की वरून कुणी उतरत असेल तर खालच्याने थांबावंच लागतं. गुडघ्यांचा किंवा कोंडलेल्या जागेचा त्रास असणाऱ्यांनी चढू नये. तुम्हाला हौस असेल तर तुम्ही चढा, पाठीवरची पिशवी खाली ठेवून.

दुर्गवेडा:
वरचा क्रम अगदी बरोबर. किल्ल्याबद्दल थोडं सविस्तर, कारण नीट माहिती नसेल तर आपल्याकडचे किल्ले बघितलेल्या माणसाला तो एवढासाच वाटतो.

तो अर्धाच उरला आहे, हे आधी लक्षात घ्या. पूर्वेकडचा बाहेरचा कोट ऑस्ट्रियन सैन्याने 1702 मध्ये सुरुंग लावून उडवला. आपण चढतो तो आतला किल्ला. टेकडी बुटकी आहे, पूर्वेकडची टेकाडं तिच्याहून उंच. म्हणजे शत्रूच्या तोफा वरून मारा करणार, हे बांधणाऱ्यांना माहीत होतं. सह्याद्रीत कडा अर्धं काम करतो. इथे सगळा भार तटाच्या जाडीवर आणि जमिनीखालच्या बांधकामावर.

1552 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इश्तवान डोबो यांनी साधारण दोन हजार माणसांनिशी, त्यात बायका आणि गावकरीही आले, किल्ला लढवला. समोर उस्मानी (तुर्की) फौज कितीतरी पट मोठी, कारा अहमद पाशा तिचा सेनापती. त्याच वर्षी तेमेश्वार आणि सोल्नोक हे किल्ले पडले होते, म्हणून एगेर टिकलं याला एवढं मोल. वेढ्यादरम्यान किल्ल्यातल्या चर्चच्या आवारातलं दारूकोठार उडालं, तरी फळी फुटली नाही. थंडी आणि पाऊस सुरू झाल्यावर वेढा उठला. पुढे 1596 मध्ये किल्ला पडला, त्या वेळी आत मुख्यतः भाडोत्री शिबंदी होती. नंतर 1687 पर्यंत उस्मानी अंमल. मिनार आणि तुर्की हमाम त्या काळातले. गावात फक्त 1552 चंच कौतुक ऐकू येईल, 1596 बद्दल मुद्दाम विचारावं लागतं.

बघण्याजोगं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काझामाता, तटाच्या पोटातल्या दगडी गॅलऱ्या. इथे एकट्याने जाता येत नाही, वाटाड्यासोबतच. खिडकीवर तिकीट घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: इंग्रजी फेरी किती वाजता? हंगेरियन फेऱ्या जास्त असतात. चुकून त्यात शिरलात तर तासभर भिंती बघाल. वेळ कळल्यावर बाकीचा किल्ला तिच्या मागेपुढे बसवा.

आत सुरुंगविरोधी युक्ती समजावून घ्या. शत्रू तटाखाली बोगदा खणतोय का, हे ओळखण्यासाठी पाण्याची भांडी आणि वाटाणे टाकलेले ढोल ठेवत. जमिनीखाली पहार पडली की पाणी थरथरे, वाटाणे उडत. मग आतून उलटा बोगदा खणून शत्रूचा सुरुंग निकामी करायचा. या गॅलऱ्यांचा बराच भाग 1552 नंतरच्या बळकटीकरणातला आहे, हेही ऐकून ठेवा. सगळंच वेढ्याच्या वेळचं नाही.

आई-बाबांसाठी: दरवाजापर्यंतची चढण गोट्यांच्या फरसबंदीची आहे. पायऱ्या नाहीत, पण ओल्या दगडावर पाय घसरतो. रबरी तळव्याचे बूट घाला. काझामाता थंड असतात आणि जमीन उंचसखल आहे. ज्यांना नको त्यांनी वर बिशपांच्या गॉथिक वाड्यातलं संग्रहालय आणि जुन्या कॅथेड्रलचे अवशेष बघावेत. पश्चिमेच्या तटावरून चौक, दोन मनोऱ्यांचं मिनोराइट चर्च आणि मागे बॅसिलिका एका नजरेत येतात. संध्याकाळी सूर्य त्याच बाजूला मावळतो, म्हणून फोटो काढायचे तर तीनच्या आसपास काढा.

द्राक्षवेल:
तळघरांचं म्हणाल तर मुक्कामाचं खरं कारण तेच. सेपास्सोन्यवोल्द्य, म्हणजे 'सुंदर बाईचं खोरं', चौकापासून अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. तळघरं ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ दगडात कोरलेली आहेत. हा दगड छिन्नीने सहज कापला जातो, आणि आत वर्षभर गारवा राहतो. बाहेर ऊन असलं तरी स्वेटर न्या.

गावाची ओळख म्हणजे एग्री बिकावेर, शब्दशः 'एगेरचं बैलाचं रक्त'. 1552 च्या वेढ्यात शिपाई लाल वाइन पिऊन लढले, शत्रूला ते बैलाचं रक्त वाटलं, ही गोष्ट प्रत्येक तळघरात ऐकवतात. इतिहास म्हणून घेऊ नका. काळी द्राक्षं आणि लाल वाइन करण्याची पद्धत या भागात सर्बियन स्थलांतरितांसोबत नंतर रुजली.

बिकावेर हे एका द्राक्षाचं नाव नाही, मिश्रण आहे. कणा केकफ्रांकोश या द्राक्षाचा, सोबत इतर काळ्या जाती. बाटलीवर तीन पायऱ्या दिसतील: क्लासिकुस, सुपीरियर, ग्रँड सुपीरियर. पहिली रोजच्या जेवणाची, दुसरी जास्त मुरवलेली, तिसरी ठरावीक मळ्यातली आणि महाग. पांढऱ्यात एग्री चिल्लाग मागा, तेही मिश्रणच. फळ्यावर 'साराझ' म्हणजे कोरडी, 'फेलएदेश' निमगोड, 'एदेश' गोड. खोऱ्यात पर्यटकांना बऱ्याचदा आधी गोड वाइन पुढे करतात. तुम्ही क्लासिकुसपासून सुरुवात करा, नाहीतर गोडानंतर बिकावेर आंबट आणि कडवट लागते.

माप देसीचं असतं, म्हणजे डेसिलिटर. चवीला एक देसी (100 मिली) मागा. एका माणसाला तीन तळघरं पुष्कळ झाली, मध्ये ब्रेड आणि पाणी घ्या. छोट्या तळघरांत रोख फोरिंट लागतात, युरोचा दर तोट्याचा देतात. ऑक्टोबरात अंधार लवकर पडतो आणि परतीच्या रस्त्यावर रहदारी तुरळक, म्हणून आई-बाबांसाठी टॅक्सीचा नंबर राहण्याच्या ठिकाणाहून आधीच घेऊन ठेवा. गाडी भाड्याने घेतली असेल तर चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये. हंगेरीत मद्याची मर्यादा शून्य आहे.

भारतात नेण्याची सवलत माणशी दोन लिटर. 750 मिलीच्या दोन बाटल्या बिनधास्त बसतात, तिसरीने मर्यादा ओलांडते. बाटल्या मोठ्या बॅगेच्या मधोमध, कपड्यांत गुंडाळून. प्लास्टिकच्या कॅनमधली सुटी वाइन विमानाने नेऊ नका. ती दोन-चार दिवसांत संपवायची असते.

अन्नपूर्णा:
आईंच्या जेवणाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

हंगेरीत 'भाजीचं' म्हटलं तरी त्यात डुकराची चरबी किंवा खारवलेले तुकडे असू शकतात. अडचण मांसाच्या पदार्थांत नाही, निरुपद्रवी दिसणाऱ्यांत आहे. बाबलेवेश (घेवड्याचं सूप) बहुधा धुरावलेल्या मांसासोबत शिजवतात. तूरोश चूसा हा पनीरसारख्या तूरोचा शेवयांचा पदार्थ, पण वर परतलेली चरबी घालतात. लेचो म्हणजे ढोबळी मिरची-टोमॅटोची भाजी, त्यात बऱ्याचदा सॉसेज असतं. तेपेर्त्योश पोगाचा तर चरबीच्या कुरकुरीत चोथ्याचीच असते, बेकरीत दिसायला साध्या खाऱ्या बनसारखी.

त्यातल्या त्यात निर्धोक: रांतोत शायत (अंडं आणि ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं चीज), गोंबापाप्रिकाश (मशरूमचा पाप्रिकाचा रस्सा, सोबत नोकेदली हे पीठ-अंड्याचे छोटे उकडलेले गोळे), आणि लांगोश. लांगोश म्हणजे मोठ्या भटुऱ्यासारखी तळलेली पोळी, वर आंबट साय आणि किसलेलं चीज. ती तेलात तळली की चरबीत हे मात्र विचारा: 'ओलाय' तेल, 'झीर' चरबी. 'हूश नेल्क्युल' म्हणजे मांसाशिवाय, 'सालोन्ना नेल्क्युल' म्हणजे डुकराच्या चरबीशिवाय. दुसरं वाक्य जास्त उपयोगी, कारण सालोन्ना तिकडे मांसात मोजतच नाहीत.

उच्चारांत मराठी माणसाची सोय आहे. त्यांचं एकटं सी हे अक्षर म्हणजे आपल्या 'चमचा'तला च, आणि सी-एस जोडून आलं की 'चहा'तला च. एकटा एस म्हणजे श, एस-झेड म्हणजे स. रस्त्याच्या पाटीवरचा 'उत्चा' (रस्ता) आणि तळघरावरचा 'पिंचे' चमच्यातल्या च ने म्हणा, लगेच कळतं. शब्दाचा जोर नेहमी पहिल्या अक्षरावर.

नीलपंख:
मंगळवार-बुधवार नक्की केलं. बुधवारी सकाळ मोकळी मिळते. एगेरसालोकची मिठाची टेकडी बघावी की सिल्वाशवाराड?

पेश्टकर:
आई-बाबांना पाण्यात बसायचं असेल तर एगेरसालोक. स्थानिक बसने थोडक्या वेळात पोहोचता. पांढरी टेकडी प्राचीन नाही: 1961 मध्ये खनिज तेलाच्या शोधात विहीर खोदली, तेलाऐवजी 65 अंशांच्या वरचं पाणी आलं, आणि त्यातले क्षार साचत ही पायऱ्यांची टेकडी तयार झाली. तिच्यावर चढायला बंदी आहे. बाजूच्या कुंडांत बसून बघायची. पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि रबरी चपला सोबत न्या, तिथे महाग पडतात. सलग वीस मिनिटांहून जास्त बसू नये. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

झाडांचे रंग बघायचे असतील तर सिल्वाशवाराड, ऑक्टोबरात तीच जास्त देखणी. अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेने सालायका खोऱ्यात वर जायचं, फात्योल धबधबा बघत चालत उतरायचं. सगळा उतार, त्यामुळे गुडघ्यांना त्रास वाटला तर परतही रेल्वेने या. पण तिकडे अर्ध्याहून जास्त दिवस जातो. त्याच संध्याकाळी बुडापेश्टला पोहोचायचं तर सकाळी लवकर निघा, आणि सामान एगेरच्या हॉटेलात ठेवूनच जा.

दुर्गवेडा:
दोन्हींपैकी काहीही करा, पण निघण्यापूर्वी कोशुत लायोश रस्त्यावरच्या काउंटी हॉलच्या कमानीत पाच मिनिटं थांबा. 18 व्या शतकातली लोखंडी जाळीची दारं आहेत, हेन्रिक फाझोला या लोहाराने घडवलेली. तिकीट नाही. वरच्या भागातले द्राक्षांचे घड जवळून बघा.