गुरूने दिलेल्या पोशाखावर पीटर पार्करने कितपत विसंबावे?

प्रश्न – कोळिष्टक

सुट्टीत बारा वर्षांच्या भाच्यासोबत २०१७ चा 'स्पायडर-मॅन : होमकमिंग' पुन्हा पाहिला. 'आयर्न मॅन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धनिक संशोधक टोनी स्टार्कने पीटरला, म्हणजे स्पायडर-मॅनला, पोशाख दिला, चूक झाल्यावर काढून घेतला आणि शेवटी परत दिला. तर पीटरने तो परत घ्यायला हवा होता का, असे भाच्याने विचारले आणि मला नीट उत्तर देता आले नाही. माझा कल 'नको' या बाजूला आहे. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी कॉमिक्ससाठी पीटरचे पात्र घडवले, तेव्हा त्याच्या पाठीशी कोणी धनिक नव्हता. काका-काकूंकडे वाढलेल्या या शाळकरी मुलाने मनगटावरची जाळे फेकणारी यंत्रे स्वतःच्या बुद्धीने तयार केली होती. चित्रपटातल्या पोशाखात मात्र जाळे सोडण्याचे ५७६ प्रकार आहेत आणि कानात सल्ला देणारी कॅरन ही संगणकी मदतनीस आहे. एवढे सगळे आयते मिळाल्यावर त्या मुलाचे स्वतःचे असे काय उरते?

प्रतिसाद – सांजवेळ

आपला मुद्दा समजतो, पण पटत नाही. २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये आकाशात चढत जाणाऱ्या यानाला पीटर चिकटून राहतो, हवा विरळ होते आणि त्याचा श्वास कोंडू लागतो. त्या क्षणी टोनीने पाठवलेला नवा पोशाख त्याच्या अंगावर चढला नसता, तर तो वाचला नसता. ज्याच्याकडे साधन आहे त्याने ते एका पोराला नाकारावे आणि त्याला शुद्ध जिद्दीच्या भरवशावर सोडावे, हे मला क्रूरपणाचे वाटते. शिवाय जाळ्याचे रसायन शेवटपर्यंत पीटरचेच होते, हे आपण विसरू नये. आपल्याकडच्या वाचकांना २००४ सालच्या कॉमिक्समधला मुंबईतला भारतीय स्पायडर-मॅन, पवित्र प्रभाकर, आठवत असेल. त्याला तर एका योग्याकडून शक्तीच मिळते. देणगी घेतल्याने नायक उणा होत नाही.

प्रतिसाद – उंबरठा

देणगी घ्यावी की नाही, यापेक्षा ती घेणाऱ्याला कितपत कळली आहे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. 'होमकमिंग'मधला स्टेटन आयलंडच्या फेरीबोटीचा प्रसंग पाहा. बोट दुभंगू लागल्यावर पीटर कॅरनकडून तिचे सर्वांत मजबूत भाग जाणून घेतो आणि जिवाच्या आकांताने जाळी बांधतो. तू ९८ टक्के यशस्वी झालास, असे कॅरन सांगते, आणि उरलेल्या दोन टक्क्यांमुळे बोट पुन्हा फाटते. तिथे तो भित्रा ठरला नाही की आळशीही ठरला नाही. पण त्याने आणि त्याचा मित्र नेडने मिळून पोशाखातली शिकाऊ बंधने आधीच काढून टाकली होती, त्यामुळे जे साधन पायरीपायरीने हाती यायला हवे होते ते एकदम अंगावर आले. बंधने घालताना टोनीने कारण सांगितले नाही, ही मात्र मी गुरूची चूक मानतो.

पुढे हाच पीटर घरगुती पोशाखात ढिगाऱ्याखाली अडकतो. कानात कोणी नाही, सोडवायला कोणी येणार नाही, आणि तो ते ओझे स्वतः उचलतो. हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी मला भरून येते.

खरा धोका २०१९ च्या 'फार फ्रॉम होम'मध्ये दिसतो. टोनी मरण पावला आहे आणि त्याने मागे ठेवलेला एडिथ नावाचा चष्मा, म्हणजे उपग्रहावरून मारक ड्रोन सोडणारी यंत्रणा, सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती येते. बसमध्ये एका चुकीच्या आज्ञेने वर्गमित्राचा जीव धोक्यात येतो, आणि नंतर ओझे नकोसे होऊन पीटर तो चष्मा क्वेंटिन बेक या नायकाचे सोंग घेतलेल्या खलनायकाला देऊन टाकतो. पोशाख काढून घ्यायला २०१७ मध्ये कोणीतरी होते. मेलेला गुरू आपण दिलेली वस्तू परत मागू शकत नाही.

प्रतिसाद – जुनी पाने

कॉमिक्समध्ये हा प्रश्न २००६ सालीच आला होता. सुपरहिरोंच्या आपसांतल्या यादवीच्या ('सिव्हिल वॉर') कथानकाच्या सुमारास टोनी पीटरला यांत्रिक भुजांचा लाल-सोनेरी पोशाख देतो. पुढे पीटर त्याची बाजू सोडतो, तेव्हा टोनी तो पोशाख दुरूनच निकामी करू पाहतो. पीटरने मात्र ती सोय आधीच हुडकून तिच्यावर तोड काढून ठेवलेली असते. 'उंबरठा' यांच्या म्हणण्याला याहून चांगला दाखला मला सुचत नाही.

प्रतिसाद – कोळिष्टक

सर्वांचे मनापासून आभार. 'उंबरठा' यांचा प्रतिसाद वाचून मी 'फार फ्रॉम होम' पुन्हा लावला आणि आधी निसटलेली एक गोष्ट लक्षात आली. बेककडून हरल्यावर पीटर स्टार्कच्या विमानात बसून नवा पोशाख बनवतो. यंत्रे टोनीची आहेत, पण कोणता भाग हवा आणि कोणता नको हे तो स्वतः ठरवतो, आणि टोनीचा जुना सहकारी हॅपी होगन त्याच्याकडे नुसता पाहत राहतो. त्यानंतर लंडनच्या टॉवर ब्रिजवर बेकने उभे केलेले भास ओळखायला त्याला स्वतःच्या अंगातली धोक्याची जाणीवच उपयोगी पडते. पोशाख परत घ्यायला हरकत नव्हती, फक्त तो आधी उसवून पाहायला हवा होता, असे मी भाच्याला सांगितले. २०२१ च्या 'नो वे होम'च्या शेवटी पीटर भाड्याच्या खोलीत शिलाई यंत्रावर पोशाख शिवताना दिसतो, हे त्याला आठवत होते. तो भाग आम्ही रविवारी पुन्हा पाहणार आहोत.