ट्रायथलॉनच्या टी१ मध्ये (पोहून झाल्यावर सायकल घेण्याचा टप्पा) वेटसूट, म्हणजे पोहण्याचा घट्ट रबरी सूट, घोट्याशी अडकून बसतो, पटकन काढायचा कसा?

नवखा_ट्राय

मंडळी नमस्कार. मागच्या आठवड्यात माझी दुसरी स्प्रिंट ट्रायथलॉन झाली (७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं). पोहणं खरंच मस्त झालं, वेटसूटमुळे पाय वर राहिले, दम लागला नाही, एकदम खुशीत पाण्याबाहेर आलो आणि सायकलपाशी येऊन सगळं घालवलं. टी१ ला ४ मिनिटं १० सेकंद लागली! सायकलचा रॅक पाण्यापासून फार लांब पण नव्हता, म्हणजे धावण्यात वेळ गेला असं नाही, सगळा गेला तो सूट काढण्यात.

झालं असं की वरचा भाग कसाबसा निघाला, मांडीवरून पण उतरला, पण पोटरीखाली जो अडकला तो अडकलाच. एका पायावर उभं राहून दुसरा ओढतोय, तोल जातोय, शेजारच्या सायकलवर पडता पडता वाचलो, शेवटी खाली बसलो तर पोटरीत गोळा आला. त्यात डाव्या घोट्याला वेळ नोंदवणारी टायमिंग चिप, तिचा पट्टा सूटच्या कडेत अडकलेला. माझ्या कितीतरी मागे असलेले लोक डोळ्यादेखत सायकल घेऊन निघून गेले, फार वाईट वाटलं.

सूट फुल स्लीव्ह आहे, मापाचा आहे, पाठीला झिप. लोक घोट्याला पेट्रोलियम जेली लावतात ते खरं का? काही जण पायाकडून सूट कापतात म्हणे, ते कितपत बरोबर? आणि उभ्याने काढायचा की बसून? प्लीज जरा सविस्तर सांगा, पुढची रेस ५ आठवड्यांवर आहे.

लाटेवरची

पहिल्यांदा पेट्रोलियम जेली बंद करा. सूट बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या स्वतःच सांगतात की पेट्रोलियमवालं काही लावू नका, निओप्रीन (सूटचं रबर) आणि शिवणीचा गोंद दोन्ही खराब होतं. शिवाय हाताला लागली की गॉगलच्या काचेवर जाते आणि मग पूर्ण पोहणंभर समोर धुकं. ट्रायथलॉनवाल्यांसाठी स्टिक किंवा स्प्रे मिळतो, सिलिकॉनचा किंवा पेट्रोलियम नसलेला कुठलाही, तो घ्या. मानेला मागून (घासून रक्त येतं तिथे), मनगटाला, आणि घोट्यापासून पोटरीच्या निम्म्यापर्यंत. टाचेला विसरू नका, अडकतं ते टाचेलाच. आणि मी तर सूट घालून झाला की त्याच्या बाहेरून पण खालच्या वीतभर भागावर मारते, कारण काढताना सूट उलटा होतो ना, मग बाहेरची बाजू बाहेरच्या बाजूवर घासत सरकते, ती पण निसरडी हवी.

चिप नेहमी सूटच्या आत, थेट कातडीवर, आणि पट्टा घट्ट. सूटच्या वरून बांधली तर सूट निघायलाच जागा नाही.

पंधराशे_मीटर

लाटेवरची यांनी लावायचं सांगितलं, मी काढायचं सांगतो, कारण मला वाटतं खरी चूक तिथे आहे. तुम्ही लिहिलंय "सायकलपाशी येऊन सगळं घालवलं". सूट काढायला सायकलपाशी सुरुवात करायचीच नाही, पाण्यातून उभं राहिलात की लगेच.

कारण साधं आहे. पोहताना सूट आणि अंग यांच्यामध्ये पाण्याचा एक पातळ थर असतो, सूट सरकतो तो त्या थरावर. तुम्ही धावायला लागलात की ते पाणी पायातून गळून जातं आणि सूट अंगाला चिकटतो, मग कितीही ओढा. म्हणून मी काय करतो, शेवटचे काही मीटर उरले, पाणी कमरेएवढं आलं की उभं राहण्याच्या आधी गळ्याची कड दोन बोटांनी पुढे ओढतो आणि पाणी आत घेतो, चांगलं गार पाणी छातीवरून खाली जातं, सूट फुगतो. मग उभा राहतो. एक लक्षात ठेवा, आडवं पोहून एकदम उभं राहिलं की गरगरतं, म्हणून शेवटच्या ५०-१०० मीटरला पाय जरा जोरात मारायचे म्हणजे रक्त पायाकडे यायला लागतं.

उभं राहिल्यावर गॉगल कपाळावर, काढायचा नाही अजून, फक्त वर. समोर दिसायला पाहिजे आणि हात मोकळे पाहिजेत. डाव्या हाताने मानेमागचं वेल्क्रो सोडवायचं आणि उजव्याने दोरी ओढायची, हे चालता चालता, थांबून नाही. (तुमची झिप कुठली ते बघा, काही सूटात दोरी खाली ओढली की उघडते तर काहीत वर ओढून उघडते, उलट्या झिपचा सूट असेल तर गडबडीत भलतीकडे ओढून झिप जाम होते.) मग खांदे. दोन्ही हातांनी खांद्यावरची कड पकडून बाहेर आणि खाली, आणि एक बाही सोलल्यासारखी उलटी करत आणायची. हात मनगटापर्यंत आला की थांबा! आता दुसऱ्या हाताने टोपी आणि गॉगल एकत्र डोक्यावरून काढून त्या बाहीतल्या मुठीत घ्या आणि मग मूठ सोडून हात बाहेर काढा. टोपी, गॉगल दोन्ही बाहीत राहतात, कुठे पडत नाहीत, हरवत नाहीत, आणि त्यांच्या गोळ्यामुळे बाहीचं तोंड ताणलेलं राहून हात पण सटकन निघतो. मग दुसरी बाही. रॅकपाशी याल तेव्हा सूट कमरेला लोंबत असला पाहिजे, तुमचं फक्त कमरेखालचं काम उरलं पाहिजे.

रॅकपाशी: दोन्ही अंगठे कमरेशी सूटच्या आत, आणि एकाच झटक्यात, उठाबशा काढताना बसतो तसं बसत बसत, गुडघ्याच्या खाली. गुडघ्याच्या खाली म्हणजे खालीच, मांडीवर ठेवून पाय उचलायला गेलात तर तोल जाणारच, गुडघाच वाकत नाही ना. आता हात सोडा. इथून पुढे पायाचं काम पायाने. एका पायाने सूटच्या गोळ्यावर उभं राहायचं आणि दुसरा पाय गुडघा वर घेत सरळ उपसायचा, मग मोकळ्या पायाने सूट दाबून धरायचा आणि राहिलेला पाय उपसायचा. साप कात टाकतो तसा सूट मागे उलटा पडतो. आणि पाऊल वाकवून ठेवा, बोटं ताणून टोकदार केली की पोटरीत गोळा आलाच समजा, थंड पाण्यातून आल्यावर तर हमखास. तुमचा गोळा त्यामुळेच आला असणार.

चाकं_आणि_पाणी

वरचं सगळं बरोबर, एक राहिलं, नखं. ट्रायथलॉनच्या सूटला बाहेरून कापड नसतं, गुळगुळीत रबरी कातडी असते, पाण्यातून सरकावी म्हणून, आणि ती नखाने फाटते. चंद्रकोरीसारखी चीर पडते. घाईत चिमटीत पकडून ओढलं की झालंच. बोटांच्या पेरांनी धरायचं, पूर्ण मुठीत, आणि रेसच्या आदल्या दिवशी नखं कापायची. चीर पडलीच तर निओप्रीनचा गोंद मिळतो, दोन्ही कडा सुकू देऊन मग जोडायच्या, चांगला धरतो.

घड्याळ कुठे असतं तुमचं? मनगटावर असेल तर बाही तिथे अडकते, माझं एकदा पट्ट्यासकट पाण्याच्या कडेला गेलं. तेव्हापासून बाहीची कड घड्याळाच्या वर सरकवून ठेवतो, म्हणजे घड्याळ बाहेर, बटण पण दाबता येतं आणि बाही पण मोकळी निघते.

नवखा_ट्राय

बापरे केवढं लिहिलंत, सगळ्यांचे मनापासून आभार 🙏 टोपी बाहीत ठेवायचं मला अजिबात माहीत नव्हतं, मी टोपी तोंडात धरून धावत होतो. घड्याळ मी सूटच्या आत घालत होतो.

पण कापायचं काय? आणि माझ्या एका मित्राकडे सर्फिंगचा जुना सूट आहे तो जरा सैल आहे, तो घालून बघू का?

लाटेवरची

सर्फिंगचा नको. तो उभं राहून, वाकून, बसून हालचाल करायला आणि ऊब धरायला बनवलेला असतो, बाहेरून कापड, पोहताना हात पुढे नेला की खांद्यात ताण येतो, आणि काढायला तर जास्तच जड. ट्रायथलॉनचा वेगळा सूट १९८७ मध्ये डॅन एम्पफील्ड यांनी क्विंटाना रू या कंपनीतून आणला तो काही उगाच नाही. आणि सैल सूटमध्ये पोहताना सारखं पाणी आत बाहेर होत राहतं, ऊबही जाते आणि वेगही.

कापायचं म्हणाल तर मी कापलाय. दोन्ही पायांचे साधारण ३ सेंटिमीटर, मागच्या बाजूला किंचित जास्त. निओप्रीन विणलेलं नसतं त्यामुळे कड उसवत नाही, चांगल्या धारदार कात्रीने एका दमात कापायचं. फायदा असा की घोट्याच्या बारीक भागाऐवजी पोटरीच्या जाड भागाशी तोंड येतं, तोंड मोठं झालं की टाच सहज निघते. मला खूप फरक पडला.

पंधराशे_मीटर

मी यावर जरा वेगळं सांगेन. आत्ता कापू नका. एकदा कापलं की परत जोडता येत नाही, वॉरंटीचं पण बघावं लागतं, आणि तुमचं घोडं पेंड खातंय ते सूटच्या लांबीमुळे नाही, तुम्ही तो वाळल्यावर काढताय आणि हाताने काढताय म्हणून. आधी ५ आठवडे सराव करा, मग पण टाचेला अडकत असेल तर कापा.

सराव म्हणजे घरात कोरडा घालून काढणं नाही हं. कोरड्या सूटचा सराव करून काही कळत नाही. प्रत्येक वेळी उघड्या पाण्यात पोहून झालं की सूट रेससारखाच काढायचा, रमतगमत नाही. पाण्यातून धावत बाहेर, झिप, बाह्या, टोपी, ठरवलेल्या झाडापर्यंत किंवा टॉवेलपर्यंत धाव, आणि खाली. पाणी जवळ नसेल तर सूट घालून शॉवरखाली उभं राहा, गळ्यातून पाणी आत सोडा आणि बाहेर येऊन काढा. आठवड्यातून चार वेळा जरी केलं तरी हाताला सवय होते. रेसमध्ये ठोके १७० वर असताना डोकं चालत नाही, हातच चालतात.

चाकं_आणि_पाणी

बसून की उभ्याने हा प्रश्न राहिला. उभ्याने जमत असेल तर उभ्याने, पण पाण्याने बोटं बधिर झाली असतील किंवा गरगरत असेल तर खुशाल बसा, एका पायावर पाच वेळा उड्या मारण्यापेक्षा बसून लवकर होतं. फक्त सायकलचा आधार घेऊ नका. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावला तर पेनल्टी बसू शकते. आणि सूट निघाला की तो आपल्याच जागेत, खोका दिला असेल तर पूर्ण खोक्यात, बाही बाहेर लोंबायला नको. काही आयर्नमॅन (लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉन) रेसमध्ये सूट काढून देणारे स्वयंसेवक असतात, आपण फक्त कमरेपर्यंत आणायचा, पाठीवर आडवं व्हायचं, पाय वर, आणि ते दोघं मिळून एका झटक्यात ओढून काढतात, त्या वेळी आतला ट्रायसूट (पोहणं, सायकल, धावणं तिन्हीला चालणारा पोशाख) घट्ट धरून ठेवायचा.

अजून एक, पाण्याचं तापमान बघत जा. वर्ल्ड ट्रायथलॉनच्या नियमांत १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्याला एज ग्रुपवाल्यांना (म्हणजे वयोगटात उतरणाऱ्या हौशी लोकांना) २२ अंशाच्या वर वेटसूट चालतच नाही, आयर्नमॅनमध्ये ती मर्यादा २४.५ आहे. मर्यादेच्या जवळ पाणी असेल आणि अंतर ७५० च असेल तर सूट घालायचाच का याचा विचार करा. पोहण्यात जे कमावलं ते काढण्यात जाणार असेल तर नुसत्या ट्रायसूटवर पोहलेलं बरं.

नवखा_ट्राय

तीन आठवड्यांनी परत आलोय, सांगायला. एकूण ११ वेळा केलं, त्यातले ७ पाण्यातून आणि ४ शॉवरखालून. कापला नाही. पहिल्या दिवशी रॅकपासून पूर्ण निघेपर्यंत १ मिनिट ५ सेकंद, काल २२ सेकंद!! गळ्यातून पाणी घ्यायचं ते खरंच जादू आहे, पहिल्यांदा घेतलं तेव्हा खांदे इतके सहज निघाले की मी थांबून बघितलं की झिप फाटली की काय. पायाने पाय उपसायचं पहिले दोन दिवस जमेना, सूट पावलाखाली गोळा व्हायचा, मग कळलं की आधी तो गुडघ्याच्या खूप खाली, अगदी नडगीच्या निम्म्यापर्यंत न्यायचा आणि पूर्ण वजन त्यावर टाकायचं, अर्धवट टाकलं की तो सरकतो.

फक्त डावा पाय. चिप आत घातली, घट्ट बांधली, तरी सूट उलटा होताना कड पट्ट्यावर एक क्षण थांबते. उजवा आरामात निघतो. मी नेहमी डावा आधी काढतो.

पंधराशे_मीटर

२२ सेकंद म्हणजे मस्तच, मनापासून अभिनंदन!

पाय उलट करा. पहिला पाय काढताना दुसरा अजून सूटमध्येच असतो, त्यामुळे दाबून धरायला नीट पकड मिळत नाही. दुसऱ्या पायाच्या वेळी तुमचा मोकळा पाय पूर्ण वजनाने सूटवर उभा असतो. म्हणजे जास्त जोर दुसऱ्या पायाला मिळतो, तर जो पाय अवघड तो दुसरा ठेवायचा. उजवा आधी, चिपचा नंतर. आणि चिपचा पट्टा जिथे एकावर एक येतो तो भाग घोट्याच्या आतल्या बाजूला फिरवा, टाचेच्या मागे नको, कड थांबते ती बहुतेक त्याच जाड भागावर.

नवखा_ट्राय

पट्ट्याचा जोड मागेच होता! आत्ता काढून बघितलं. रविवारी पाण्यात जातोय, उजवा आधी करून बघतो आणि संध्याकाळी इथेच लिहितो.